स्पर्धा परीक्षेत गेलेली वर्षे रेझ्युमेमध्ये कशी लिहावीत?

माळरान यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय २९ आहे. २०१८ मध्ये परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. कृषी ही पदवी घेतली आणि त्याच वर्षी राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्याला आलो. २०१९ आणि २०२० अशा दोन्ही वर्षी पूर्वपरीक्षा उत्तीर्ण होऊन मुख्य परीक्षा दिली, परंतु मुलाखतीपर्यंत पोहोचता आले नाही. २०२० ची पूर्वपरीक्षा एप्रिलऐवजी अनेकदा पुढे ढकलून अखेर २१ मार्च २०२१ रोजी झाली, हे येथील अनेकांना आठवत असेलच. त्या वाट पाहण्यात एक पूर्ण वर्ष निघून गेले. पुढे मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार हे ठरल्यावर, घरची परिस्थिती पाहता पुन्हा पहिल्यापासून तयारी करणे मला शक्य नव्हते. २०२३ च्या सुरुवातीला मी खोली सोडून गावी परतलो.

तेव्हापासून घरची शेती पाहतो आणि गावातील शेतकरी उत्पादक कंपनीत हंगामाच्या वेळी मदत करतो. आता मला बियाणे, खते किंवा पीक संरक्षणाच्या कंपनीत, नाहीतर एखाद्या मोठ्या उत्पादक कंपनीत नियमित नोकरी हवी आहे. गेल्या चार महिन्यांत साठेक ठिकाणी अर्ज केले. फक्त दोन ठिकाणांहून फोन आले आणि दोघांनीही पहिलाच प्रश्न विचारला की, पदवीनंतर इतकी वर्षे आपण काय करत होतात. दोन्ही वेळा मला नीट उत्तर देता आले नाही.

माझा रेझ्युमे तीन पानांचा आहे. नेट कॅफेतून घेतलेल्या दोन रकान्यांच्या रंगीत नमुन्यात तो केला असून त्यात फोटो, करिअर ऑब्जेक्टिव्ह, वडिलांचे नाव, छंद आणि शेवटी प्रतिज्ञापत्र असे सर्व आहे. अनुभवाच्या जागी ‘फ्रेशर’ असे लिहिले आहे. २०२२ मध्ये चार महिने पुण्यात टेलिकॉलरचे काम केले होते, पण ते कुठेच नमूद केलेले नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. स्पर्धा परीक्षेची वर्षे लिहावीत की लपवावीत? आणि दुसरा प्रश्न मी संकोचाने विचारतो आहे. एका ओळखीच्या माणसाने पैसे घेऊन तीन वर्षांचे अनुभव प्रमाणपत्र मिळवून देण्याची तयारी दाखवली आहे. ‘सगळे असेच करतात,’ असे त्याचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

सिन्नरकर यांचे उत्तर

मी कृषी निविष्ठांच्या, म्हणजे बियाणे, खते व पीक संरक्षणाच्या क्षेत्रात बारा वर्षे भरतीचे काम केले आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने काय दिसते ते सांगते.

फील्ड ऑफिसरच्या एका जागेसाठी माझ्याकडे दीड-दोनशे अर्ज सहज येत. पहिल्या चाळणीत एका अर्जाला मिनिटभरही मिळत नाही, आणि त्या मिनिटात आम्ही चारच गोष्टी शोधतो. पदवी कृषीची आहे का, उमेदवार कोणत्या जिल्ह्यातला आहे आणि कोणते तालुके त्याच्या पायाखालचे आहेत, दुचाकीचा परवाना आहे का, आणि शेतकऱ्यासमोर उभे राहून बोलण्याचे काम त्याने कधी केले आहे का. आपल्या सध्याच्या रेझ्युमेमध्ये या चारही गोष्टी असतील, पण त्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर विखुरलेल्या असणार आणि पहिल्या पानाचा वरचा अर्धा भाग फोटोने व करिअर ऑब्जेक्टिव्हने अडवलेला असणार. ते ऑब्जेक्टिव्ह आम्ही कधीच वाचत नाही, कारण शंभरातल्या ऐंशी अर्जांत ते शब्दशः सारखे असते. वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, धर्म-जात, छंद आणि प्रतिज्ञापत्र हे सारे लग्नाच्या बायोडेटातून आणि सरकारी अर्जांतून आपल्या सवयीत आलेले आहे. खासगी नोकरीच्या रेझ्युमेमध्ये त्याची आवश्यकता नाही.

दोन रकान्यांचा रंगीत नमुनाही सोडून द्या. मोठ्या कंपन्यांकडे आलेले अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचते, आणि चौकटी, चिन्हे व शेजारी-शेजारी मांडलेले रकाने यांमुळे मजकुराची सरमिसळ होते. मी स्वतः असे अर्ज पाहिले आहेत की, ज्यांत उमेदवाराच्या पदवीचे वर्ष त्याच्या मोबाइल क्रमांकाला जाऊन चिकटले होते. साधी एका रकान्याची मांडणी, एक पान, पीडीएफ फाइल आणि फाइलला स्वतःचे नाव व पदाचे नाव, एवढे पुरे. ‘न्यू रेझ्युमे फायनल २’ अशा नावाची फाइल डाउनलोड झाली की, पुन्हा शोधताना ती कोणाची हे कळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. स्पर्धा परीक्षेची वर्षे लपवू नका. महाराष्ट्रात कृषी पदवीधरांची भरती करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते की, या शाखेतील कितीतरी मुले पदवीनंतर काही वर्षे आयोगाच्या परीक्षा देतात. त्यामुळे ती वर्षे पाहून आम्ही दचकत नाही. २०१८ नंतर एकदम कोरी जागा दिसली की मात्र शंका येते, कारण त्या कोऱ्या जागेत आजारपण असेल, काढून टाकलेली नोकरी असेल किंवा आणखी काही असेल, हे वाचणाऱ्याला आपल्या मनाने ठरवावे लागते. म्हणून ती वर्षे एका ओळीत, कोणतेही स्पष्टीकरण न देता लिहा: ‘जुलै २०१८ ते जानेवारी २०२३: राज्यसेवा परीक्षेची तयारी, २०१९ व २०२० च्या मुख्य परीक्षेसाठी पात्र.’ एवढेच. परीक्षा पुढे ढकलली गेली, पद्धत बदलली, थोडक्यात संधी हुकली, यांतले काहीही रेझ्युमेमध्ये नको. फोनवर विचारले तरी दोन वाक्यांत सांगा की, तयारी केली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो, तो टप्पा आता संपला आहे आणि मला याच क्षेत्रात काम करायचे आहे. ‘टप्पा संपला आहे’ हे स्पष्ट शब्दांत सांगणे फार महत्त्वाचे आहे. आमची खरी भीती ही असते की, उमेदवार प्रशिक्षण घेईल आणि पुढची जाहिरात निघाली की ऐन हंगामात सोडून जाईल.

आपण अनुभवाच्या जागी ‘फ्रेशर’ लिहिले आहे, त्याबद्दल मला अधिक बोलायचे आहे. सातव्या सत्रात प्रत्येक कृषी पदवीधर ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, म्हणजे ‘रावे’साठी, गावात राहतो. रावेमध्ये आपण कोणत्या गावात होतात, किती शेतकऱ्यांसोबत काम केलेत, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके घेतलीत का, कोणत्या पिकाची निरीक्षणे नोंदवलीत, हे सर्व आमच्या कामाचे आहे. तरीही दहातले नऊ जण त्याची एका शब्दात बोळवण करतात.

---

पडताळणी कक्ष यांचे उत्तर

मी उमेदवारांच्या पूर्वइतिहासाची पडताळणी करणाऱ्या विभागात काम करतो, म्हणून केवळ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. ते प्रमाणपत्र घेऊ नका.

आज अनुभव तपासताना प्रमाणपत्राचा कागद हा सर्वांत कमी महत्त्वाचा पुरावा असतो. पगाराच्या पावत्या, बँकेच्या खातेपुस्तकातील पगाराच्या नोंदी आणि भविष्य निर्वाह निधीचा इतिहास या तीन गोष्टी एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. एका व्यक्तीचा यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक, आयुष्यभर एकच असतो आणि कोणत्या आस्थापनेने कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत निधी भरला, हे त्याखाली दिसते. तीन वर्षांचा अनुभव कागदावर आणि निधीच्या खात्यात शून्य महिने, अशी विसंगती उघड व्हायला वेळ लागत नाही. शिवाय ती बहुतेक वेळा रुजू झाल्यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात उघड होते. तोवर उमेदवाराने हातातली इतर कामे सोडलेली असतात, घरी पेढे वाटलेले असतात. अशा मुलांना मी समोर बसून रडताना पाहिले आहे आणि नियमापुढे मला त्यांच्यासाठी काहीही करता आलेले नाही.

याच कारणासाठी टेलिकॉलरच्या चार महिन्यांबद्दलही सावध राहा. तेथे निधी कापला गेला असेल तर ती नोंद आपल्या यूएएनखाली आहे. रेझ्युमेमध्ये ते काम ठळकपणे मांडण्याची सक्ती नाही, परंतु कंपनीच्या छापील अर्जात ‘यापूर्वीच्या सर्व नोकऱ्या’ असा रकाना असेल, तर तेथे ते नक्की लिहा. माझ्या मते तर रेझ्युमेमध्येही एक ओळ असू द्यावी. अनोळखी माणसाशी दिवसभर फोनवर बोलण्याची सवय हे विक्रीच्या कामात भांडवलच आहे.

आणि एक विनंती. नोकरीसाठी नोंदणी शुल्क, प्रशिक्षणाची अनामत किंवा लॅपटॉपची सुरक्षा ठेव मागणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नका. नियुक्तिपत्र ज्या ई-मेल पत्त्यावरून आले आहे तो कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळाशी जुळतो का, हे अक्षर अन् अक्षर तपासा.

---

गंगथडी यांचे उत्तर

भाऊ, आपला प्रश्न वाचून मला माझीच खोली आठवली. मीही त्याच पेठांमधल्या अभ्यासिकेत चार वर्षे बसलो, शेवटच्या यादीत सहा गुणांनी राहिलो आणि २०२१ मध्ये परत फिरलो. आज मी एका उत्पादक कंपनीत व्यवस्थापक आहे, म्हणून थोडे परखडपणे लिहितो.

आपण इतके सविस्तर लिहिलेत, त्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य आपण घाईने उरकले आहे: ‘हंगामाच्या वेळी मदत करतो.’ ही मदत म्हणजे नेमके काय? आपण काटा लावता का? मॉइश्चर मीटर आपण हाताळता का? शेतकऱ्यांचे सातबारे आणि पीकपेरा तपासून ऑनलाइन नोंदणी आपण करता का? बारदाना, हमाली, गोदामाची थप्पी, वखारीची पावती यांचा हिशेब कोणाकडे असतो? किती शेतकरी, किती क्विंटल, किती दिवसांत पैसे खात्यावर? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे असेल, तर आपण फ्रेशर नाही. ज्या माणसाने आडतीवर उभे राहून मालाची हवा, म्हणजे ओलावा, मोजली आहे आणि ती जास्त निघाली म्हणून शेतकऱ्याचा राग अंगावर घेतला आहे, असा माणूस मिळावा म्हणून आमच्यासारख्या कंपन्या धडपडत असतात. तो अनुभव वर्गात मिळत नाही.

मला ठाऊक आहे की आपण तो का लिहिला नाहीत. अधिकारी व्हायला गेलेला मुलगा गावात परत येऊन पोती मोजतो, ही बोच मनात असते आणि त्यामुळे ते काम आपल्याला कामच वाटत नाही. माझेही दीड वर्ष असेच गेले. त्या काळात माझ्या रेझ्युमेवर ‘सामान्य अध्ययनाचा सखोल अभ्यास’ होता आणि तीनशे शेतकऱ्यांची तूर मी स्वतः खरेदी केली होती, ती मात्र त्यात नव्हती.

मोबदला मिळाला नाही म्हणून ते काम लिहू नये, असे मुळीच नाही. फक्त पदनाम वाढवून लिहू नका. ‘हंगामी खरेदी साहाय्यक, मानधनाशिवाय’ असे खरे पद लिहा आणि कंपनीच्या अध्यक्षांकडून लेटरहेडवर कालावधी व कामाचे स्वरूप नमूद केलेले पत्र घ्या. आपल्याला विकत मिळणाऱ्या कागदापेक्षा हा कागद कितीतरी मोलाचा आहे, कारण त्यामागे फोन केला तर उत्तर देणारा माणूस आहे.

---

रब्बी यांचे उत्तर

वरील उत्तरांत जवळपास सर्व आले आहे, मी थोडी भर घालतो. नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचे महास्वयंम या दोन्ही सरकारी संकेतस्थळांवर नोंदणी विनामूल्य आहे; जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडून जे पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे होतात, त्यांची माहितीही महास्वयंमवर मिळते. मेळाव्याला जाताना छापील प्रती न्या, कारण तेथे कंपनीचा माणूस समोरासमोर भेटतो आणि गॅपचा प्रश्न चेहऱ्याकडे पाहून अर्धा सुटतो.

बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदाचा विचार असेल तर तातडीने निर्णय घ्या. आयबीपीएसमार्फत होणाऱ्या या भरतीची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३० वर्षे आहे, इतर मागासवर्गीयांना ३ आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सवलत आहे. ‘प्रतिभा सेतू’बद्दल अनेक जण विचारतात, पण ती सोय केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अंतिम टप्प्यापर्यंत पोहोचून यादीत न आलेल्या उमेदवारांसाठी आहे. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेवर तेथे नाव येणार नाही.

---

माळरान यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. त्या माणसाला काल रात्रीच नकार कळवला.

‘गंगथडी’ यांचे प्रश्न वाचून मी कंपनीच्या वह्या काढून बसलो. २०२३ आणि २०२४ या दोन खरीप हंगामांत मिळून २१४ शेतकऱ्यांचे सोयाबीन आमच्या केंद्रावर आले आणि त्यांतील बहुतेक सर्व नोंदी माझ्या अक्षरातील आहेत, हे मला स्वतःलाच नव्याने कळले. २०२४ मध्ये आमच्याकडे हमीभावाचे खरेदी केंद्र होते. भाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण १२ टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा असलेला माल घेता येत नव्हता, आणि त्या वर्षी पावसाने माल ओलाच निघाला होता. सुरुवातीच्या दिवसांत मी ट्रॅक्टर परत पाठवले. एक वयस्कर शेतकरी, आमच्याच भावकीतले, मीटरवर १४.२ हा आकडा पाहून काही न बोलता अर्धा तास ट्रॉलीच्या चाकाशी बसून राहिले होते. पुढे नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली, तेव्हा मी परत पाठवलेल्या शेतकऱ्यांची यादी काढून एकेकाला फोन केले. ३७ जणांपैकी २२ जणांचा माल तोवर व्यापाऱ्याकडे गेला होता, १५ जण परत आले. ती यादी मी ठेवली होती म्हणून ते शक्य झाले, पण हे रेझ्युमेमध्ये लिहिण्यासारखे आहे असे मला कधीही वाटले नव्हते.

त्या भागाचा मसुदा असा केला आहे, कृपया तपासावा: ‘मी अत्यंत मेहनती व प्रामाणिक असून शेतकरी उत्पादक कंपनीत सोयाबीन खरेदीच्या विविध जबाबदाऱ्या यशस्वीरीत्या पार पाडल्या आहेत. मला शेतकऱ्यांशी उत्तम संवाद साधता येतो.’

---

सिन्नरकर यांचे उत्तर

आपण वर प्रश्नोत्तरात जे लिहिलेत ते वाचून मी लगेच आपल्याला मुलाखतीला बोलावले असते, आणि मसुद्यातील दोन वाक्ये वाचून पुढच्या अर्जाकडे वळले असते. मेहनती, प्रामाणिक, यशस्वीरीत्या, उत्तम हे चारही शब्द काढा. त्यांच्या जागी जे घडले तेच लिहा:

‘हंगामी खरेदी साहाय्यक (मानधनाशिवाय), खरीप २०२३ व २०२४. दोन हंगामांत २१४ शेतकऱ्यांच्या सोयाबीनची ओलावा तपासणी, वजन व नोंदी. २०२४ मध्ये हमीभाव खरेदी केंद्रावर काम. ओलाव्यामुळे परत गेलेल्या ३७ शेतकऱ्यांची यादी ठेवून, मर्यादा शिथिल झाल्यावर सर्वांशी संपर्क साधला व १५ जणांचा माल केंद्रावर आणला.’

शेवटची ओळ खाली सरकू देऊ नका. ती वाचून कोणताही व्यवस्थापक आपल्याला त्याबद्दल विचारेल, आणि मग इतकी वर्षे काय केले या प्रश्नाऐवजी बोलणे त्या यादीवर सुरू होईल. चाकाशी बसलेल्या त्या काकांचा प्रसंग रेझ्युमेमध्ये नको, परंतु विचारले तर जसा येथे सांगितलात तसाच सांगा.

वर नाव, मोबाइल, ई-मेल, जिल्हा आणि दुचाकीचा परवाना एका-दोन ओळींत येऊ द्या. त्याखाली हे खरेदीचे काम, मग रावे, मग टेलिकॉलरचे चार महिने, मग स्पर्धा परीक्षेची एक ओळ आणि शेवटी शिक्षण. इंग्रजीत करताना ‘हवा’ या आपल्या बाजारातील शब्दाला मॉइश्चर म्हणा आणि मालाचे वजन क्विंटलमध्येच ठेवा, टनात रूपांतर करत बसू नका. उत्पादक कंपन्यांना हा क्रम चालेल. बियाण्याच्या कंपनीला पाठवताना मात्र रावेतील प्रात्यक्षिके आणि आपण ओळखता ते तालुके वर घ्या. म्हणजे दोन प्रती कराव्या लागतील, त्याला पर्याय नाही.

खरिपासाठीच्या नेमणुका बहुतेक कंपन्या पेरणीच्या दोन-तीन महिने आधी करतात, त्यामुळे फेब्रुवारीअखेरपर्यंत अर्ज गेलेले असू द्या. फील्डची पहिली नेमणूक पुष्कळदा ऑफ-रोल, म्हणजे दुसऱ्या एजन्सीच्या पगारपत्रकावर असते. ती घेण्यात कमीपणा नाही, पण निधी कापला जातो का, पेट्रोलचा भत्ता किलोमीटरप्रमाणे आहे की ठोक, आणि हंगाम संपल्यावर करार पुढे चालू राहतो का, हे तीन प्रश्न रुजू होण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.

---

माळरान यांचे प्रत्युत्तर

दोन्ही प्रती तयार केल्या असून प्रत्येकी एका पानात बसल्या आहेत. अध्यक्षांचे पत्र आज संध्याकाळी मिळणार आहे. रावेची डायरी घरी माळ्यावर सापडली. त्यात सोयाबीनच्या बीजप्रक्रियेची ११ प्रात्यक्षिके तारखांसह नोंदवलेली आहेत, ती बियाण्याच्या कंपनीसाठीच्या प्रतीत घेतली आहेत. पहिले पाच अर्ज सोमवारी पाठवतो आणि काय उत्तर येते ते येथेच कळवतो.